योग्य व सचोटीची व्यक्ती

कोटवाल्यांना त्यांच्या खऱ्या नावाने ओळखणारं आता एक परवाना खातं तेवढं उरलं होतं. बाकी गल्लीला, गॅरेजवाल्याला, हॉटेलांच्या दरवानांना ते कोटवालेच. त्यात गूढ काही नव्हतं. हवा कशीही असो, गाडीत बसायचं तर अंगात काळा कोट हवा, असा त्यांचा शिरस्ता. गाडीही काळी, आणि लांबलचक. गल्लीच्या तोंडाशी ती एकदा मागे घेतल्याशिवाय वळायचीच नाही, आणि कोपऱ्यावरचा किल्लीवाला दर वेळी पुटपुटत आपलं टेबल आत ओढायचा. इतकी वर्षं झाली, पण दोघांपैकी एकानेही दुसरी काही सोय पाहिली नाही.

गाडी स्वतःची, परवाना स्वतःच्या नावावर, म्हणजे कोटवाले मोठ्या थाटात असतील असं लोकांना वाटायचं. थाट होता तो गाडीच्या मागच्या भागात. तिथे मऊ गाद्या, मंद दिवे, पाण्याच्या बाटल्यांना वेगळा खण. पुढे कोटवाल्यांच्या कंबरेमागे एक चपटी झालेली उशी आणि हाताशी गुडघ्याला चोळायच्या मलमाची ट्यूब. मागे बसणाऱ्याला त्या मलमाचा वास येऊ नये म्हणून ते काच किंचित खाली ठेवायचे आणि हिवाळ्यात स्वतः कुडकुडायचे.

या धंद्याचे नियम ठाऊक नसतील तर कोटवाले समजायचे नाहीत, म्हणून ते आधी सांगून टाकतो. टॅक्सीला रस्त्यात हात केला की ती थांबते. लांब गाडीला ते करता येत नाही. तिचं बुकिंग आगाऊ व्हावं लागतं, तेही बेसवर, म्हणजे परवान्यात जो पत्ता दिलाय तिथे. बेसने बुकिंग नोंदवलं की मगच गाडी निघायची. स्टँडवर उभं राहायचं नाही, हॉटेलाच्या दारात गिऱ्हाईक मिळतंय का बघत घुटमळायचं नाही, टपावर दिवा लावायचा नाही. गाडीचं पासिंग वेगळं, चालकाचा बॅज वेगळा, आणि या सगळ्याच्या वर बेस चालवणाऱ्याचा परवाना. तो कोणाला द्यायचा? तर ‘योग्य व सचोटीच्या व्यक्तीला’. नियमात शब्दच तसे आहेत. ब्रेक तपासायचं यंत्र खात्याकडे आहे, सचोटी तपासायचं नाही. तेव्हा ज्याच्याविरुद्ध तक्रार आली नाही तो सचोटीचा, असं धरून चालतात.

कोटवाल्यांविरुद्ध तक्रार कधी आली नव्हती. नियम पाळण्यात हा माणूस इतका नाकासमोर चालणारा, की कधीकधी त्याला धरून हलवावंसं वाटावं. एकदा त्यांची मेहुणी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, घामाघूम होऊन बसथांब्यावर उभी होती. समोरून भाऊजींची रिकामी गाडी आली. तिने हात केला. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, मान लववून नमस्कार केला आणि गाडी तशीच पुढे नेली. घरी येऊन बायकोला म्हणाले, “तुझी बहीण थांब्यावर उभी आहे. तिला फोन करून बुकिंग करायला सांग, मी लगेच निघतो.” मेहुणीने त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी अबोला धरला. पुढे बोलायला लागली तेव्हाही पहिलं वाक्य हेच होतं, “काय भाऊजी, आज बोलू का, की आधी बुकिंग करू?”

यावर घरातले सगळे पोट धरून हसायचे. कोटवालेही हसायचे, पण आपलं काही चुकलं असं त्यांना कधीच वाटलं नाही. बुकिंग नसताना वाटेत कोणाला तरी उचलणं, ज्याला त्यांच्या धंद्यात ‘वाटेत भाडं मारणं’ म्हणतात, त्याहून हलकं काम त्यांच्या लेखी दुसरं नव्हतं.

दुसरी एक शिस्त त्यांच्या अंगात मुरली होती, ती मात्र नियमातली नव्हे. ती त्यांच्या पहिल्या मालकाची. या म्हाताऱ्या मालकाने त्यांना गाडीवर घेतलं तेव्हा सांगितलं होतं, “माणूस आला की दार उघडायचं, बसला की लावायचं. नाव विचारायचं नाही, कुठे जायचं विचारायचं नाही. ते बेसला ठाऊक आहे, बेसने तुला सांगितलंय. मग त्याच्या डोक्याला पुन्हा ताप कशाला? असे प्रश्न टॅक्सीवाले विचारतात. लांब गाडीत बसणारा पैसे देतो ते कोणी काही विचारू नये म्हणून.” कोटवाल्यांनी हे इतकं मनावर घेतलं की आरशातसुद्धा मागच्या माणसाच्या तोंडाकडे ते बघायचे नाहीत. मागे माणसं भांडली, रडली, एकदा तर एका नवरदेवाने लग्नाला जाता जाता लग्न मोडायचा विचार मोठमोठ्याने केला, तरी पुढची मान हलली नाही. त्या नवरदेवाला त्यांनी वेळेवर मांडवात पोचवलं. पुढचं त्याचं त्याला ठाऊक.

आता मुलाबद्दल. कोटवाल्यांना एकच मुलगा. त्याला गाड्यांचं वेड, आणि चालकाचा बॅज मिळाला तेव्हा तो छातीवर लावून गल्लीभर फिरला होता. मग त्याला झटके यायला लागले. पहिला घरात आला, दुसरा जिन्यावर. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि खात्याने बॅज परत मागून घेतला. नियम कडक आहे आणि तो तसाच असायला हवा, हे कोटवाल्यांनीच मुलाला समजावलं. समजावून झाल्यावर ते गॅरेजमध्ये जाऊन गाडीच्या मागच्या गादीवर, जिथे ते कधी बसायचे नाहीत तिथे, तोंड झाकून बसले होते.

मग त्यांनी मालकाची नोकरी सोडली, ही गाडी घेतली, स्वतःच्या नावावर परवाना काढला आणि घराची पुढची खोली बेस म्हणून दाखवली. तिथे एक टेबल, एक फोन, एक कॉम्प्युटर आणि त्यांचा मुलगा. गाडी चालवता येत नाही तर निदान गाडी कुठे जाते ते तरी त्याने ठरवावं. मुलगा कामात वाघ निघाला. आवाज गोड, डोकं थंड, विमानाला उशीर झाला तर त्याला बापाआधी कळायचं. त्या खोलीत त्याची पंचविशी सरली, तिशीही सरली. मधल्या काळात औषधांनी झटके आटोक्यात आले, पण बॅज काही परत मिळायचा नव्हता.

म्हणजे गाडी बापाने चालवायची, कारण मुलाचं काम तिच्यावर होतं. त्यामुळे इतर चालक ज्या वयाला घरी बसून पेपर वाचतात, त्या वयात कोटवाले पहाटेच्या विमानांना माणसं सोडत होते. थकवा हा शब्द ते वापरत नसत. ते म्हणत, “जरा कंबर धरलीय.” मग ती दोन वर्षं धरूनच राहिली. गिऱ्हाइकासाठी दार उघडायला उतरायचं, लावून परत बसायचं, पोचल्यावर पुन्हा उतरायचं. एवढी उतरचढ दिवसभर होत राहिली की संध्याकाळी गुडघे त्यांचे राहायचे नाहीत. दोन फेऱ्यांच्या मध्ये कुठे थांबले की डोळा लागायचा, आणि जागे झाले की क्षणभर आपण कोणाला सोडून आलोय की आणायला चाललोय हेच कळायचं नाही. बायकोला हे सगळं दिसत होतं. ती बोलायची नाही, फक्त त्यांच्या कोटाची बटणं घट्ट करत राहायची.

घोडं अडलं ते एका हॉटेलाच्या दारात.

मुलाने फोनवर सांगितलं होतं, “बाबा, नवराबायको आहेत. साहेबांना राखाडी सूट, एक मोठी बॅग. विमानतळ.” कोटवाले गाडी लावून दाराशी उभे राहिले. आतून राखाडी सुटातला एक माणूस बॅग ओढत आला, कानाला फोन, तोंडाने बडबड. कोटवाल्यांनी दार उघडलं, तो बसला. त्यांनी दार लावलं, बॅग मागे टाकली, वळसा घालून आपल्या जागेवर येऊन बसले आणि पाय आत घेताना गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे पांढरं झालं.

तेव्हा त्यांच्या मनात आलं, बाई कुठे आहेत?

नुसतं मागे वळून विचारायचं होतं. पण माणूस फोनवर, मधली सरकती काच त्याने ओढून घेतलेली, म्हणजे उतरून, वळसा घालून, दार उघडून, वाकून विचारायला हवं. तो सगळा प्रवास त्यांना इतका लांबचा वाटला, की त्यांच्याच्याने तो होईना. आणि लगेच म्हाताऱ्या मालकाची शिस्त मदतीला धावून आली. आपण विचारायचं नाही. बाईंचं यायचं रद्द झालं असेल, रुसल्या असतील, आपल्याला काय करायचंय? त्यांनी गाडी सुरू केली.

तो माणूस भलताच होता. त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला एका सभेला जायचं होतं आणि ही हॉटेलचीच गाडी आहे असं समजून तो बसला होता. विमानतळ आल्यावर त्याने फोनवरून मान वर केली आणि म्हणाला, “हे कुठे आणलंत मला?” इकडे हॉटेलाच्या दारात खरे नवराबायको बॅगेवर बसून बोटं मोडत होते. आणि नशीब असं, की वाटेत भाडं मारणाऱ्या गाड्या पकडायला खात्याचा एक तपासनीस त्या दिवशी त्याच हॉटेलात येऊन बसला होता.

त्याने कागदावर जे लिहिलं ते अगदी सरळ होतं. या गाडीने बुकिंग नसलेला प्रवासी हॉटेलाच्या दारातून उचलला. शिवाय प्रवाशाचं नाव विचारून खात्री करून घ्यायची, असा नवा नियम झाला होता, तोही पाळला नाही. परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आलीच होती. ते थांबलं आणि कोटवाल्यांना सुनावणीला बोलावणं आलं. मजकूर असा होता की, आपण योग्य व सचोटीची व्यक्ती आहात काय, याबाबत खुलासा करावा.

मुलाने ते वाचून दाखवलं तेव्हा त्याचा आवाज फोनवर असायचा तसाच गोड आणि थंड होता. “काही होत नाही बाबा. चूक झाली म्हणून सांगा. माझंच चुकलं म्हणा, मी नीट सांगितलं नाही म्हणा.”

“तू नीटच सांगितलं होतंस,” कोटवाले म्हणाले.

सुनावणीच्या दिवशी सकाळी बायको कोटाला इस्त्री करत होती आणि कोटवाले खुर्चीत बसून बुटाला पॉलिश लावत होते. मुलगा पुढच्या खोलीत फोनवर होता.

“एक बोलू? चिडायचं नाही,” बायको म्हणाली.

“चिडायला अंगात जोर लागतो. बोल.”

“रद्द झाला परवाना, तर काय बिघडेल?”

कोटवाल्यांनी ब्रश खाली ठेवला. “अगं, पोराचं काय?”

बायकोने पुढच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “त्याला कुरिअरवाल्यांनी बोलावलंय. कंट्रोल रूमला. त्यांच्या गाड्या कुठे आहेत ते बघायचं, फोन घ्यायचे, सगळं बसल्या जागी. मोठी कंपनी आहे. बोलावून किती दिवस झाले.”

“मला नाही बोलला तो.”

“तुम्हाला कसा बोलेल? म्हणतो, मी गेलो तर बाबांचा बेस कोण बघणार, त्यांची गाडी म्हणजे त्यांचा जीव आहे. आणि तुम्ही म्हणता, मी थांबलो तर पोराचं काय. तो तुमच्यासाठी अडकलाय, तुम्ही त्याच्यासाठी. आणि मी तुमच्या दोघांच्या मध्ये मूग गिळून बसलेय.”

“मग आधी नाही का सांगायचं?”

“त्याने वचन घेतलं होतं माझ्याकडून. आज मोडलं. मला काय बोलायचं ते बोला आता.” तिने कोट झटकला आणि त्यांच्यापुढे धरला. “त्यांनी रद्द केला तर कोणी कोणाला सोडलं असं व्हायचं नाही. नियमच आडवा आला म्हणायचं आणि सुटायचं. मला तुम्ही दिवसा उजेडी घरात बसलेले बघायचेत हो. दुसरं काही नको.”

कोटवाल्यांनी कोट घातला. जिना उतरताना त्यांना गुडघा दुखल्याचं जाणवलं नाही.

खात्याच्या कचेरीत ते बसने गेले. गाडी नेता आली नसती, बुकिंग नव्हतं ना! बसमध्ये काळा कोट घातलेला तो एकटाच माणूस. त्यांना खिडकीची जागा मिळाली. दुसऱ्या कोणीतरी गाडी चालवावी आणि आपण बाहेर बघत बसावं, हे सुख त्यांना नवंच होतं. दुकानं उघडत होती, कोणी पायऱ्या धूत होतं, कोणी कुत्र्याला फिरवत होतं. रोज याच रस्त्याने जात असूनही यातलं काही त्यांनी पाहिलं नव्हतं, त्यांना दिसायचे ते फक्त सिग्नल. आणि तिथे बसल्या बसल्या त्यांनी स्वतःशी कबूल केलं की, आपल्याला हा परवाना नको आहे. तो रद्द व्हावा. आजच व्हावा. मनात असं येताच त्यांना लाज वाटली, पण त्या लाजेपेक्षा बरं वाटणं कितीतरी मोठं होतं.

काय करायचं तेही ठरलं. काहीच करायचं नाही. खुलासा द्यायचा नाही, भांडायचं नाही. विचारतील त्याला हो म्हणायचं आणि घरी यायचं. इतकं सोपं काम त्यांच्या वाट्याला आयुष्यात आलं नव्हतं.

सुनावणीची खोली लहान होती. एक मोठं टेबल, मागे कपाटं, आणि वरचा पंखा फिरताना दर वेळी अडखळायचा. टेबलामागे अधिकारी बाई होत्या, वयाने त्यांच्या मुलाएवढ्या. बाजूला लिहून घेणारा कारकून. समोरच्या खुर्चीवर तो तपासनीस, पायावर पाय टाकून.

“बसा काका,” बाई म्हणाल्या. “पाणी हवंय?”

“नको.”

तपासनिसाने आपला अहवाल वाचला. त्यात खोटं काही नव्हतं. शेवटी तो म्हणाला, “मॅडम, माझं मत विचाराल तर परवाना चालू ठेवू नये. वय झालंय यांचं. आणि वयाचं सोडा, हॉटेलच्या दारातून भाडं मारणारा माणूस योग्य आणि सचोटीचा कसा म्हणायचा?” आणि कोटवाल्यांकडे पाहून तो जरासा हसला. वाईट हसू नव्हतं ते. दिवसभरात अशी बरीच प्रकरणं उरकायची असतात, त्याला कंटाळलेल्या माणसाचं हसू.

कोटवाल्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण ते गप्प राहिले. बस, बायको, कुरिअरवाले, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

बाईंनी अहवाल बाजूला ठेवला. “काका, मी तुमची फाइल बघितली. इतक्या वर्षांत एक तक्रार नाही. त्यामुळे मला हे जरा नवलाचं वाटतं. बुकिंग दोघांचं होतं, बसला एक. तुमच्या लक्षात नाही आलं?”

“आलं.”

“मग विचारलं का नाही?”

कोटवाले कोटाचं वरचं बटण चाचपायला लागले.

बाई थोड्या पुढे वाकल्या. त्यांचा आवाज खरोखरच मायेचा झाला. “हे बघा, मोकळेपणी सांगा. तुम्ही दमला होतात का? तसं असेल तर मी तसं लिहीन. प्रकृतीच्या कारणाने परवाना बंद. तुमच्या नावावर डाग नाही, दंड नाही, काही नाही. सन्मानाने बंद. होतं हो असं, या वयात.”

म्हणजे ताट वाढून पुढे ठेवलं होतं. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. ते खरंही होतं. त्या खोलीत त्या दिवशी बोलायला दुसरं खरं काही नव्हतंच. तपासनिसाने मान डोलावली आणि आपली फाइल मिटायला घेतली, जणू उत्तर मिळालंच.

आणि कोटवाले म्हणाले, “दमायला काय झालंय मला?”

कसं निघालं तोंडातून, त्यांनाही कळलं नाही. त्या फाइल मिटण्याने केलं असेल, किंवा बाईंच्या मायेने. माणूस कितीही मोडला तरी दुसऱ्याने ते त्याच्या तोंडावर म्हटलं की तो ताठ उभा राहतो. हा कोटवाल्यांचा दोष होता असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी तो नसता तर फार बरं झालं असतं.

एकदा जीभ सुटल्यावर मग ती थांबेना. ते उठून उभे राहिले. मालकाची शिस्त सांगितली, गिऱ्हाइकाला का विचारत नाहीत ते सांगितलं, नवा नियम आपल्याला उद्धट वाटला म्हणून पाळला नाही, ती चूक आहे आणि यापुढे होणार नाही, असं सांगितलं. “पण वाटेत भाडं मारलं म्हणू नका, मॅडम. ते मी कधी केलं नाही. मी माझ्या सख्ख्या मेहुणीला बुकिंग नाही म्हणून थांब्यावर सोडून गेलोय!” आणि मेहुणीची ती सगळी हकीगत त्यांनी सांगितली. ‘फोन करून बुकिंग करायला सांग’ इथे येताच कारकुनाचं लिहिणं थांबलं आणि तो खांदे हलवत हसायला लागला. बाईंनी तोंडावर हात धरला. तपासनीसदेखील या वेळी मनापासून हसला आणि म्हणाला, “मग मेहुणी बोलते का आता?”

“बोलते की. तुमच्यासारखं माझं वय काढत नाही एवढंच.”

पुन्हा सगळे हसले. इतक्या वर्षांत कोटवाले इतकं कधी बोलले नव्हते, आणि त्यांना ते आवडत होतं, हेही सांगायला हवं. गुडघा दुखत होता, पण ते टेबलाला न टेकता उभे होते. बाईंनी शेवटी विचारलं, “प्रकृती ठीक आहे ना मग? अजून चालवाल?”

“पाच वर्षं सहज.”

“पाचाची तरतूद नाही,” बाई म्हणाल्या. “तीन वर्षांचं नूतनीकरण देते. लेखी ताकीद राहील, आणि प्रवाशाचं नाव विचारायचंच, काय? डॉक्टरचा दाखला नेहमीसारखा जोडा.” त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि हसून म्हणाल्या, “तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो आता या धंद्यात.”

कोटवाले बाहेर आले. बाहेरच्या लांब व्हरांड्यात लोक बाकांवर आपापला पुकारा होण्याची वाट बघत होते. ते एका बाकावर टेकले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय करून बसलोय ते. तीन वर्षं. हातातला कागद त्यांनी पुन्हा वाचला. त्यात साफ लिहिलं होतं की, अर्जदार ही योग्य व सचोटीची व्यक्ती असल्याबद्दल खात्याचं समाधान झालं आहे. आणि त्या कागदासाठी, आयुष्यात पहिल्यांदा, ते अधिकाऱ्यापुढे खोटं बोलले होते.

कोणी म्हणेल, मग परत करायचा की तो परवाना! म्हणणाऱ्याचं काय जातं? आत जाऊन काय सांगायचं होतं त्यांनी? मॅडम, मी मघाशी थापा मारल्या, मी दमलोय? आणि घरी काय सांगायचं? नियम आडवा आला असता तर गोष्ट वेगळी. आता नियम बाजूला झाला होता. आता ते थांबले तर ते स्वतः थांबले असं झालं असतं, आणि ‘माझ्यापायी बाबांनी गाडी सोडली’ म्हणत मुलाने जन्मभर ते आपल्या आजारपणाच्या खात्यावर मांडलं असतं. कोटवाल्यांनी खिशातून फोन काढला आणि बेसला लावला.

मुलाने नेहमीप्रमाणे बेसचं नाव घेऊन नमस्कार केला.

“मी बोलतोय. मिळाला.”

पलीकडून काही आलं नाही.

कोटवाल्यांचं अख्खं आयुष्य मागे वळून न बघता मागच्या माणसाला ओळखण्यात गेलेलं. श्वासावरून त्यांना कळायचं, माणूस झोपलाय की रडतोय. त्या गप्प राहण्यात काय होतं ते त्यांना कळलं. मुलगाही सकाळपासून तीच आशा धरून बसला होता. त्यांना एकदम इतकं वाईट वाटलं की फोन कानापासून जरा दूर धरावा लागला.

“वा बाबा!” मुलगा म्हणाला. आवाज गोड आणि थंड. “मस्तच! मला खात्री होतीच. मग उद्या सकाळचं एक बुकिंग आहे, मी त्यांना थांबवून ठेवलं होतं. घेऊ ना?”

“घे,” कोटवाले म्हणाले.

“आईला देतो.”

फोन हातातून हातात गेल्याची खुडबुड झाली. मग बायको आली. कोटवाले तिला सांगणार होते की, त्यांनी विचारलं होतं, अगदी प्रेमाने विचारलं होतं, आणि मी नाही म्हणालो. पण ते काही त्यांच्याच्याने बोलवेना.

“बरं,” ती म्हणाली. “मग उद्या कितीला उठवू?”